भोईर सरांचे साक्षीदार

आमच्या कॉलेजात परीक्षा विद्यार्थ्यांची होत नाही, त्यांच्या आज्यांची होते. ही सगळी भोईर सरांची कृपा.

झालं असं, की असाइनमेंटमधला एआयचा वापर आवरा, असं परिपत्रक आलं. कसा आवरायचा, ते अर्थातच लिहिलं नव्हतं. आम्ही एआय पकडणारं सॉफ्टवेअर आणलं, तर त्याने माझाच कधीकाळचा लेख यंत्राने लिहिलाय, असं ठणकावून सांगितलं. मी आठवडाभर त्या कॉम्प्युटरकडे ढुंकून पाहिलं नाही.

भोईर सर अर्थशास्त्र शिकवतात. अंबरनाथच्या जुन्या शेतकरी घरातले, रंगात आले की थेट घरची भाषा. "आधी घरा सांगितलास का?" हे त्यांचं पालुपद. प्राचार्यांनी नवीन वेळापत्रक लावलं, तेव्हा त्यांनाही सरांनी हेच विचारलं.

तर सरांनी नियम काढला. असाइनमेंटचा विषय घरातल्या कुणाला तरी समजावायचा आणि त्या माणसाला कॉलेजात आणायचं. प्रश्न त्याला, मार्क पोराला. साक्षीदार नापास झाला तर पुन्हा समजावायचं. साक्षीदारच नाही, तर टर्मवर्क नाही.

मग काय, स्टाफरूमबाहेर लग्नघर झालं. जवळच्या कॅम्प चार वस्तीतल्या एका सिंधी दादींना सरांनी मागणी-पुरवठा विचारला. "सीधी बात है मास्टरजी, गली में सब पापड बेचेंगे तो भाव कौन देगा?" पैकीच्या पैकी. एका पठ्ठ्याने 'आजीला कळेल असं लिही' म्हणून एआयकडून लिहून घेतलं आणि घरी वाचून दाखवलं. आजीने एक साधी शंका विचारली आणि गडी गारद. दुसऱ्याने गेटवरचा रिक्षावाला काका म्हणून आणला. तोच काका दोन दिवसांत तिसऱ्यांदा दिसला, तेव्हा सर म्हणाले, "काका, आता ॲडमिशनच घ्या." तो खरंच फी विचारून गेला.

शेवटच्या दिवशी गणेश आला, एकटाच. आईवडील गावी, हा विठ्ठलवाडीला खोली घेऊन राहतो आणि रात्री पार्सलं पोचवतो. "सर, माझ्या घरी ऐकायला कुणीच नाही."

टर्मवर्क गेलं तर पोराचं वर्ष जाणार होतं. मी म्हटलं, सोडा ना याला. सर उठले आणि साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसले. "मना सांग. मॅडम, प्रश्न तुम्ही विचारा."

गणेशने महागाई समजावली. सर मान हलवत, मध्येच "म्हंजे?" म्हणत ऐकत होते.

मी विचारलं, "महागाईवर उपाय काय?"

इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकवलेला माणूस शांतपणे म्हणाला, "नोटा भरपूर छापायच्या आणि सगळ्यांना वाटायच्या."

गणेशने कपाळाला हात लावला. "सर, मी असं सांगितलं?"

"असाच सांगितलास."

मी भोईर सरांना अर्थशास्त्रात नापास केलं. गणेश आपल्याच उत्तरावर हसत सुटला आणि उद्या नीट वाचून येतो म्हणून गेला.

मी सरांना म्हटलं, "बरोबर उत्तर दिलं असतंत तर सुटला असता ना बिचारा."

"साक्षीदार खोटा बोलत नाय मॅडम." मग खुर्चीतून न उठताच म्हणाले, "उद्याचं लेक्चर मी रोज रात्री बायकोला सांगायचो. ती भाजी निवडत ऐकायची. तिला जे कळलं नाही, ते मी वर्गात तसं कधी शिकवलं नाही. ती गेल्यापासून थेट वर्गातच बोलतो. भीती वाटते हो."

दुसऱ्या दिवशी गणेशने महागाई पुन्हा सांगितली. नोटा गेल्या, साक्षीदार पास झाला, पोराचं वर्ष वाचलं. तो निघाला, तसे सर खुर्चीतून उठले आणि ती खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"आता तू बस. उद्याचा लेक्चर सांगतो. नाय कळला तर सांग."