वरच्या मजल्यावरची होडी

होडी दारातून बाहेर निघेल का, हे प्रत्येकाने विचारून झालं होतं. निघत होती. कंपाउंडरने दार मोजलं होतं, जिना मोजला होता, जिन्याचं वळणसुद्धा मोजलं होतं. एवढं सगळं मोजणारा माणूस घोटाळा करणार तो दुसरीकडेच कुठेतरी, हे उघड होतं.

होडी मात्र झकास झाली होती. पातळ प्लायवूडच्या फळ्या, सांध्यांवर कापडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर रेझिनचे हात. दवाखान्यात पट्ट्या बांधण्यातच आयुष्य गेलेलं, त्यामुळे एकेक सांधा असा बांधला होता की डॉक्टरांनीही बघत राहावं. बूड सपाट, घोटाभर पाण्यात तरंगेल असं. वजनाला इतकी हलकी की तो आणि बायको दोघं मिळून ती सहज उचलत. कित्येक महिने ती बाहेरच्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर ऐसपैस बसली होती आणि घरातली माणसं स्वयंपाकघरात अंग चोरून. आता बसायची आडवी फळी झाली होती, गळाच्या काठ्या अडकवायला पाइपचे तुकडे बसले होते, गळांच्या डबीला कप्पा झाला होता. आज ती तळ्यावर न्यायची होती, आणि सासरे बरोबर येणार होते.

सासरे पाणीपुरवठा खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते आणि जावयाला पहिल्यापासून पाण्यात पाहत होते. कारणही पाण्याचंच होतं. लग्नानंतर जावयाने हौसेने न्हाणीघरातला नळ स्वतः दुरुस्त केला आणि तो खालच्या मजल्यावर घरमालकांच्या पलंगावर गळला. "पुन्हा एक थेंब खाली आला, की खोल्या रिकाम्या करायच्या," असं मालकांनी बजावलं. सासरे एवढंच म्हणाले, "जावईबापूंचा हात लागला की गळणारच." मालकांच्या धमकीपेक्षा हे वाक्य कंपाउंडरला जास्त झोंबलं होतं. खरं सांगायचं तर होडी त्या वाक्यासाठीच बांधली होती.

सासऱ्यांनी आल्या आल्या होडीभोवती एक फेरी मारली, बुडाला टिचकी मारली आणि म्हणाले, "पाण्याची परीक्षा झाली?"

"तळ्यावर होईलच की, बाबा."

"तिथं गळली तर चार लोक हसतील. इथं गळली तर घरातलेच हसू. पाइप आण गं. आत पाणी भरू. आतलं पाणी बाहेर आलं नाही, तर बाहेरचं आत जायचं नाही."

"बाबा, खाली मालक आहेत," बायको म्हणाली.

"मग काय झालं? तुझ्या नवऱ्याचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही का?"

कंपाउंडरने पाइप नळाला लावला. पाणी चढू लागलं. सासरे ओणवे होऊन एकेका सांध्याखाली हात फिरवत होते आणि कंपाउंडर श्वास रोखून त्या हाताकडे बघत होता. पाणी वीतभर झालं. हात कोरडा. बसायच्या फळीला टेकलं. हात कोरडाच. नळ बंद झाला आणि सासऱ्यांनी तोंड उघडलं. ते आता काहीतरी चांगलं बोलणार, एवढ्यात घोडा कुरकुरला.

होडी हलकी म्हणून घोडेही हलकेच केले होते. पाण्याचं वजन कुणी धरलंच नव्हतं. खिडकीकडच्या घोड्याचे पाय बांधून ठेवणारी दोरी ताणली गेली आणि ते गुळगुळीत फरशीवर फाकू लागले. पाणी तर बघ्यांसारखं, जिकडे गडबड तिकडे धावणारं. ते सगळं खिडकीकडे गेलं. तिकडचं वजन वाढलं, तसा घोडा आणखी फाकला. होडीतलं पाणी अजून होडीतच होतं, पण तिघांच्या तोंडचं पळालं.

कंपाउंडर फरशीवर बसला आणि घोड्याचा एक पाय त्याने दोन्ही तळव्यांनी रेटून धरला. सासरे दुसऱ्या पायाला भिडले.

"बूच काढ, बूच!" सासरे ओरडले.

"बूच नाही, बाबा. होडीला एकसुद्धा भोक ठेवलेलं नाही," कंपाउंडर म्हणाला, आणि अशा अवस्थेतही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होताच.

बायको बादली आणायला धावली. धावताना तिचा धक्का लागला आणि कप्प्यातून काढून स्टुलावर ठेवलेली गळांची डबी उलटी झाली. सासऱ्यांनी नेमका तेव्हाच जोर लावायला अनवाणी पाय मागे टेकला.

"गळ!" ते किंचाळले. "अगं आई गं, गळ! गळ!"

खालच्या मजल्यावर घरमालकांनी ते स्पष्ट ऐकलं. नळाच्या प्रकरणापासून ते छताकडे डोळे लावूनच बसत असत. खांद्यावर टॉवेल आणि हातात घमेलं घेऊन ते एका दमात जिना चढून आले. बायकोने दार फटीएवढं उघडलं.

"कुठं गळतंय?"

"गळत नाहीये हो, गळ लागलाय."

"तेच म्हणतोय मी! कधी लागलाय?"

"आत्ताच. बाबांच्या टाचेला."

"टाचेपर्यंत पाणी आलंय?"

मालकांनी दार ढकललं. खोलीत होडी होती. होडीत पाणी होतं. होडीखाली दोन माणसं होती. मालकांनी हे सगळं एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"कंपाउंडर, होडी पाण्यात असते ना?"

"असते. पण आज परीक्षा होती."

"मी तुमचं काय घोडं मारलं होतं, म्हणून माझ्या डोक्यावर तळं आणून..." इथे घोडा पुन्हा कुरकुरला आणि मालकांचं वाक्य अर्धवट राहिलं. या खोलीच्या बरोबर खाली आता त्यांचा पलंग होता, आणि तो पलंग नवा होता. घमेलं टाकून, टॉवेल खुर्चीवर भिरकावून त्यांनी घोड्याला मधोमध मिठी मारली. "सोडू नका! कुणीही सोडू नका! वहिनी, काढा पाणी, पटापट काढा!"

मग बराच वेळ त्या खोलीत बादलीशिवाय कुणी बोललं नाही. बायको बादली बुडवायची, न्हाणीघरात ओतून यायची. घाम तिघांच्या नाकावरून ओघळत होता आणि प्रत्येक थेंब फरशीवर पडला की मालक दचकून विचारत होते, "हा कुणाचा?"

मध्येच सासऱ्यांनी एका हाताने टाचेतला गळ उपटला. "आता हा कुठं ठेवू?"

"खाली ठेवू नका! कुणाच्या तरी पायात जाईल," बायको ओरडली. सासऱ्यांनी हाताला लागलेल्या मऊ कापडात तो नीट टोचून ठेवला आणि पुन्हा घोडा धरला.

अखेर बादलीला तळ लागला. घोड्याने हुश्श केल्यासारखा आवाज केला आणि माणसांनी खरंच हुश्श केलं. मालकांनी गुडघ्यांवर बसून होडीखालची फरशी इकडून तिकडे चाचपली. कंपाउंडरचं सगळं घर त्या हाताखाली होतं. बायकोने डोळे मिटून घेतले.

"घाम सोडला तर कोरडी आहे," मालक नाइलाजाने म्हणाले. "या वेळी सोडतो. पण एक थेंब जरी..." टॉवेल खांद्यावर टाकून, घमेलं उचलून ते जिना उतरले. पाठोपाठ त्यांचं दार लागल्याचं ऐकू आलं.

कंपाउंडरने सासऱ्यांना खुर्चीवर बसवून टाच धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. सासरे पट्टीकडे बघत होते आणि होडीबद्दल चकार शब्द काढत नव्हते. त्याला वाईट वाटलं. एवढं होऊनही काही नाही?

तेवढ्यात खालून किंकाळी आली.

"गळ! अहो, गळ!"

तिघांनी एकदम झेप घेऊन घोडा धरला. होडी रिकामी आहे, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"गेलं घर," बायको रडवेल्या सुरात म्हणाली. "मी एवढ्या बादल्या ओतल्या, तिथूनच गळलं असणार. नाहीतर होडीतून."

कंपाउंडर पांढराफटक पडून होडीखाली वाकायला लागला.

"उगाच कशाला वाकता?" सासरे पुन्हा खुर्चीत टेकत शांतपणे म्हणाले. "जावईबापूंच्या होडीतून थेंबसुद्धा पडायचा नाही. तो गळच आहे. मीच मघाशी टॉवेलाला टोचून ठेवला होता."

खालून दुसरी किंकाळी आली. बायकोने चिमटा आणि औषधाची बाटली नवऱ्याच्या हातात कोंबली आणि त्याला दाराकडे ढकललं. कंपाउंडर उंबऱ्यापर्यंत गेला, तिथे थांबला आणि मागे वळला.

"बाबा, टॉवेलाचं कळलं," तो म्हणाला. "त्याच्या आधी काय म्हणालात?"