घरात थेंब नको

फरशीला चिकटलेला टपोरा थेंब खरवडता खरवडता प्रेमाबाईंच्या उलथन्याची कड वाकली.

"अहो, ह्ये बघा," त्या म्हणाल्या, "आता घरात एक थेंब जरी सांडला, तर मागची खोली भाड्यानं दिली समजा. बँकेतला मल्लिकार्जुन कवाचा मागतोय."

गौरीशंकररावांनी मान डोलावली. धाराशिवच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या या माणसाला त्या खोलीखेरीज स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. लोकांच्या लग्नातल्या हारांची वाळवलेली फुलं तिथं ते सिलिकॉनच्या साच्यात मांडत, वरून रेझिन ओतत, आणि फुलं काचेत बसल्यासारखी कायमची टिकत. अडचण एवढीच, की रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर, दोन्ही काकवीसारखी ओघळत. बाटली चिकट, झाकण चिकट, दाराची कडी चिकट. परवा तर जेवणाचं ताट त्यांच्या हाताला चिकटून मोरीपर्यंत गेलं होतं.

त्यांनी मोठ्या गांभीर्यानं सुधारणा केल्या. बाटल्या स्टीलच्या ताटल्यांत उभ्या केल्या. हात धुवायच्या साबणाचे पंप धुऊन, वाळवून त्यांना बसवले. रेझिन पुसायला लाल फडकं, हार्डनरला निळं. साचे परातीत. आठवडाभर थेंब पडला नाही. प्रेमाबाई रोज फरशीवरून तळवा फिरवायच्या आणि निघून जायच्या. हे कौतुकच असावं, असं गौरीशंकररावांना वाटे. खात्री मात्र नव्हती.

मंगळवारी मोठं काम होतं. दर साच्याला वेगळं मिश्रण करायचं म्हणजे दर वेळी थेंबाची धास्ती. त्यापेक्षा सगळं एकदाच कालवलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात दोन्ही घेतलं, सावकाश ढवळलं आणि ते साच्यांतली फुलं सरळ करत बसले. एवढं मिश्रण एका जागी राहिलं की आपोआप तापतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डब्यातून धूर निघू लागला.

"अहो, काय जाळताय?"

"काही नाही गं, जरा... तापलंय."

"मग भायेर न्या की! पुढं, ओट्यावर! मागं माज्या कुरडया वाळत्यात!"

डबा फडक्यात धरून ते धावले. घरात थेंब पडला नाही. त्यांनी उंबरा ओलांडला आणि मऊ पडलेल्या डब्यानं तळ सोडला. अरुंद ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पसरलं, सकाळच्या रांगोळीवरून.

"घरात नाही सांडलं," ते हळूच म्हणाले.

प्रेमाबाई बघत राहिल्या. लखलखीत थराखाली त्यांची ठिपक्यांची रांगोळी आणि घरात येणारी लक्ष्मीची पावलं जागच्या जागी घट्ट बसली होती.

"छिन्नी आणतो."

"छिन्नी? झाडून काढनं येगळं. लक्ष्मी दारात आलीया, आन तुमी तिच्या पायावर छिन्नी चालवनार व्हय?"

"मग ओलांडून जाऊ."

"तिच्या डोक्यावरनं ढांगा टाकनार? लाज न्हाय वाटत?"

त्या दिवसापासून पुढचं दार बंद झालं. मागचं दार त्या मागच्या खोलीतच होतं. दूधवाला, शेजारणी, पाहुणे, सगळे साच्यांशेजारून ये-जा करू लागले. गौरीशंकरराव प्रत्येकासाठी संकोचून उठून उभे राहत.

रविवारी मल्लिकार्जुन आला. "काकू, ती खोली बघायची होती."

"तू उभा हायस तीच."

तेवढ्यात दूधवाला दोघांच्या मधून आत गेला. मागून शेजारीण विरजण मागायला आली.

"काकू, ही खोली हाय का रस्ता?"

"रस्ताच हाय बाबा आता. भाड्यानं कशी देऊ? मग आमी घरात यायचं कुठनं?"

गौरीशंकररावांनी खाली मान घालून रेझिनच्या बाटलीचं तोंड पुसलं. फडकं लालच घेतलंय ना, हे दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमाबाईंनी मागच्या दारापुढं सडा टाकला आणि ठिपक्यांची रांगोळी काढली. मग आतल्या बाटल्यांकडं एकदा पाहिलं आणि लक्ष्मीची पावलं मात्र काढली नाहीत.