आप्पांची आज्ञाधारक मोटर

तेलगावच्या मळ्यात, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीशेजारी योगीराजने फळीवर आपलं अजून झाकण न लावलेलं यंत्र ठोकलं, तेव्हा त्याचे वडील विश्वेश्वरआप्पा हात मागे बांधून बघत उभे होते. ठराव आदल्या दिवशी घरातच झाला होता. उसाच्या पलीकडच्या टोकावरून, मध्ये तार नसताना, मोटर चालू झाली तर योगीराजने माजलगावातलं आपलं रिपेअरिंगचं दुकान चालवावं. नाही झाली, तर त्या दुकानाला कुलूप घालून सोमवारपासून आप्पांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसावं.

यंत्राचा जीव म्हणजे करंगळीच्या नखाएवढी चिप. हवेतून आलेला हुकूम ऐकायचा आणि स्टार्टरचा खटका ओढायचा, ही दोन्ही कामं तिची. विजेचा दाब आवरणारा रेग्युलेटर तिच्या पोटातच होता, पण भार वाढला की तो तापायचा. म्हणून योगीराजने बाहेरून तीन पायांचा दुसरा रेग्युलेटर बसवला होता. तसं करायचं तर आतल्याला रजा द्यावी लागते. त्याचे दोन पाय एकत्र जोडून दोन्हींना बाहेरची वीज द्यावी लागते. तो जोड त्याने केसाएवढ्या तारेने, भिंगातून बघत, श्वास रोखून केला होता. एवढीशी ती वस्तू पाच हॉर्सपॉवरची मोटर उठवणार, या विचाराने अजूनही त्याच्या अंगावर काटा यायचा.

"झालं का?" आप्पांनी विचारलं.

"झालं. रिमोटात सेल घालतो, पलीकडं जातो अन्..."

"थांब की!" आई, शिवगंगाबाई, विभूतीचा गोळा आणि पाण्याची वाटी घेऊन पुढे आली. "नव्या वस्तूला विभूती लावल्याबिगर कावून चालू करायलास?"

"पेटीला लाव, आई. आत नको."

"कपाळ सोडून गुडघ्याला लावू व्हय?"

तिची तीन ओली बोटं चिपवरून रेग्युलेटरपर्यंत फिरली. तीन पांढरे पट्टे उमटले.

खट्!

मोटर घरघरली. पाइपातून पाणी उसळलं. सेल अजून योगीराजच्या खिशात होते.

"अगाबाबो!" शेजारच्या बांधावर शेळ्या चारणारा सुग्रीव पळत आला. "योगीदादा, तू तर हललास बी न्हाई!"

"आता बंद कर," आप्पा म्हणाले.

खट्. मोटर बंद.

 योगीराजने कशालाही हात लावला नव्हता.

आप्पांनी घसा खाकरला. फळीकडे बघून म्हणाले, "चालू हो."

काहीच नाही.

"आप्पा, नवं हाय ते," सुग्रीव कुजबुजला. "जरा मानानं बोला."

"चालू व्हा."

खट्!

आप्पांनी पायातल्या चपला काढल्या.

योगीराज वाकला तेव्हा त्याला उलगडा झाला. ओली विभूती बाहेरच्या रेग्युलेटरच्या तिसऱ्या पायापर्यंत ओघळली होती. त्यामुळे दाब मध्येच खचायचा, चिप बेशुद्ध पडून खटका सोडायची आणि अर्धवट शुद्धीवर आली की पुन्हा ओढायची.

"बंद व्हा!" आप्पा म्हणाले.

"राहू द्या की, पाणी चांगलं चाललंय," शिवगंगाबाई म्हणाली.

"मी बी एकडाव सांगू का?" सुग्रीव म्हणाला.

खट्, खट्, खट्. मोटर उचक्या देऊ लागली.

"एकानं बोला रे!" आप्पा ओरडले. "कुणाचं ऐकावं कळंना झालंय त्याला!"

मोटर जळणार म्हणून योगीराजने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. "आप्पा, विभूतीचं पाणी उतरलंय आत. वेडं झालंय ते."

"वेडं? मला तर लई शहाणं वाटलं."

योगीराजने स्पिरिटच्या ब्रशने पट्टे पुसले, फळी उन्हात वाळू दिली, झाकण लावलं, रिमोटात सेल घातले, मेन स्विच वर केला आणि उसाच्या पलीकडे चालत गेला. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. लांबून मोटरचा आवाज आला. पुन्हा दाबलं, आवाज थांबला. हुकूम उभ्या उसावरून, कुणाला न दिसता, त्या नखाएवढ्या तुकड्यापर्यंत पोचला होता. त्याचे डोळे भरून आले. तो पळतच परतला.

तिघं उतरल्या चेहऱ्याने बसली होती.

"पायलं का?"

"पायलं," आप्पा म्हणाले. "बटन दाबल्यावर घरचा पंखा बी फिरतो."

"मघाशी काय भारी हुतं!" सुग्रीव शेळ्यांकडे वळला. "आता निस्तं यंत्र झालं."

"काय काय पुसून टाकलंस रे त्याचं?" शिवगंगाबाईने वाटी उचलली आणि तीही घराकडे निघाली.

योगीराज हळूच म्हणाला, "मग दुकानाचं?"

"चालव की. ठरलं म्हंजी ठरलं."

आप्पा उठले. सुग्रीव लांब गेलाय ना, हे मान वळवून बघितलं. मग फळीसमोर उभे राहून, पाठमोरेच, अगदी हळू म्हणाले, "चालू व्हा."

मागे योगीराजने खिशात हात घातला.

खट्! पाणी उसळलं. आप्पांनी वळून योगीराजच्या खिशाकडे बघितलं.

"तूच दाबलंस न्हवं?"

"व्हय, आप्पा."

"असू दे. सुग्रीवला सांगू नको."