क्वेरीतला सतरा नंबर

प्रोग्रामरचं ठाम मत होतं की चूक नेहमी दुसऱ्याच्या कामात असते. स्वतःचं काम तपासणं म्हणजे त्याला स्वतःच्याच घराची बेल वाजवण्यासारखं वाटे.

दातांच्या दवाखान्यात त्याने नवी यंत्रणा बसवली. उद्या येणाऱ्या प्रत्येक पेशंटचा नोंदणी नंबर ‘पेशंटचा फोन’ नावाच्या क्वेरीकडे, म्हणजे माहिती शोधणाऱ्या आज्ञेकडे जाणार, क्वेरी फोन शोधून देणार, त्या फोनवर मेसेज सुटणार. कागद नको, वही नको!

दुसऱ्या दिवशी दवाखाना ओस. आले ते एकटे प्रोग्रामरचे सासरे. मोबाईलवर बावीस मेसेज. दहाला रूट कॅनल, सव्वादहाला कवळीचं माप, साडेदहाला दुधाचा दात काढणे. बिचारे सकाळपासून उपाशी बसलेले.

डॉक्टरीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, संध्याकाळचे मेसेज नीट गेले नाहीत तर वही परत आणि तुमचं कंत्राट बंद.

प्रोग्रामरने नेटवर्कला शिव्या घातल्या, संगणक तीनदा बंद-चालू केला. मग पाठवले जाणारे नंबर छापून पाहिले. चार, नऊ, एकतीस, सगळे बरोबर निघत होते. फोन मात्र दर वेळी सासऱ्यांचाच. रिसेप्शनवरची बाई नखं घासत म्हणाली, “ती क्वेरी उघडून बघा ना.”

“ती मी लिहिलीय.”

“म्हणूनच म्हणते.”

त्याने उघडली, आणि कानशिलं तापली. पाठवलेला नंबर जिथे बसायचा, तिथे ठाण मांडून बसला होता १७. चाचणी करताना त्यानेच बसवलेला, नंतर उठवायचा राहिलेला. सतरा नंबरचे पेशंट म्हणजे सासरे. चाचणीला माणूस कसा, दिवसभर मोकळा हवा! मग बाहेरून कुणाचाही नंबर पाठवा, क्वेरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

सतरा खोडला, जागा मोकळी केली. संध्याकाळचे मेसेज ज्याचे त्याला गेले.

सकाळी बाकं भरली, कंत्राट वाचलं. प्रोग्रामर कॉलर ताठ करून उभा होता, तेवढ्यात दार ढकलून इस्त्रीच्या शर्टात सासरे आले. त्यांनी बाकावरच्या गर्दीकडे जरा नाराजीनेच पाहिलं आणि जावयाला कोपऱ्यात ओढलं.

“जावईबापू, मशीन बिघडलंय तुमचं. आज मला एकसुद्धा मेसेज नाही.”