ला की ली: तीन रेशमी पाखरांच्या निवाड्याची हकीकत

श्री. ज्याणे अंड्यात जीव घातला आणि आत काय आहे ते बाहेरच्यास सांगितले नाही, त्या विधात्यास दंडवत घालोन लेखक लिहितो ऐसे जे: शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, चैत्र मासी समुद्रापलीकडील एक सौदागर राज्यात आला आणि त्याणे महाराजांचे पायाशी एक करंडी ठेविली. करंडी उघडली तो आत कोंबडीची तीन पिले, दीड महिन्यांची, अंगावर पीस नव्हे तर पिंजलेला कापूस, आणि कापूस फुंकोन पाहिला तो खाली कातडी कोळशासारखी काळी, आणि पायास बोटे चार असावी ती पाच. महाराज बहुत संतोष पावले आणि मग पुसते जाहले, "यांत नर किती, मादी किती?" सौदागर हात जोडोन बोलिला, "महाराज, ही जात रेशमी, हिचे लहानपणी कळत नाही. सात-आठ महिने वाढू द्यावे, मग नर आरवेल, मादी अंडे देईल. डोईचा पिसांचा तुरा मागे वळला तर नर आणि गोल चेंडू राहिला तर मादी, ऐसे म्हणतात खरे, पण तेही थोराड झाल्यावर." हे बोलोन तो शहाणा गलबतात बसोन निघोन गेला आणि पुढचे भोगावयास आम्ही राहिलो.

आता या राज्यात दोन गोष्टींची मनाई. एक, गडावर कोंबडा ठेवू नये, कारण थोरल्या बाईसाहेबांस रात्रभर झोप नाही, पहाटे कोठे डोळा लागतो तो आरवण्याने मोडतो. दुसरी, दरबारात "कळत नाही" हे दोन शब्द उच्चारू नयेत. ज्यास कळत नाही त्यास सरकारचे अन्न कशास, ऐसा दिवाणजींचा रोकडा सवाल असे. सबब दिवाणजींनी हुकूम केला की दसऱ्यापावेतो निवाडा व्हावा, नर ठरेल तो मुदपाकखान्यात देवोन त्याचा रस्सा करावा, मादी ठेवोन वंश वाढवावा, आणि तोवर तिन्ही पाखरे रोज पहाटे डालग्याखाली झाकोन ठेवावी. नराविना वंश कैसा वाढणार हे कोणी पुसले नाही, कारण पुसणे म्हणजे कळत नाही म्हणणेच.

पिले सांभाळावयास हौसाई म्हणोन बाई नेमिली. वय चाळिशीपार, दादला लढाईत पडलेला, मूलबाळ नाही. तिघांतले एक मुळचेच किरटे, पंख ओढोन चाले, ते जगत नाही ऐसे सर्वांनी ठरविले आणि मग हौसाईने त्यास पदरात घेतले, आणि आपल्या भाकरीतला कुस्करा ताकात कालवोन त्यास भरविला, आणि चार महिन्यांत ते दोघांहून दीडपट जाहले. त्यास ती बाळ म्हणे. आम्ही पुसिले, "नाव का ठेवीत नाहीस?" ती म्हणाली, "नाव ठेवायचं तर आधी मुलगा का मुलगी ते ठरवावं लागतं. बाळाला ती कटकट नाही. बाळ ते बाळ." तुऱ्याच्या झिपऱ्या डोळ्यांवर येवोन पाखरांस दाणा दिसेना, म्हणोन तिने तिघांच्याही कातरीने कापिल्या. भरविणे आणि कातरणे, दोन्ही तिने मायेने केले आणि दोन्ही तिला भोवले.

आम्ही दफ्तरी रोजनामा लिहीत होतो. तेथे आम्हीही चतुराई केली. नर म्हणावे तर आला लिहावे, मादी म्हणावे तर आली. आम्ही लिहिले, पिलू आले, पिलू निजले, पिलू थोर जाहले. सत्य तेवढेच लिहिले जात होते आणि मान वाचत होती. भाद्रपदात दिवाणजींनी रोजनामा वाचिला आणि डोळे लाल केले. "महाराज आले ऐसे लिहिता आणि कोंबडेही आले ऐसे लिहिता? थट्टा मांडली आहे? ला की ली, एक काय ते दसऱ्यास लिहा." हाय रे लेखणी, अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो हा. दसरा विसरलेला दिवाण आम्ही जागा केला.

मग निवाड्यास बहिरोपंत पारखी आणिले. हे हिऱ्यांचे पारखी, जन्मात कोंबडी हाती धरिली नव्हती, तरी नाही म्हणण्याची सोय कोठे होती? दसऱ्याचे सकाळी पंत बैसले आणि तुरे पाहिले, ते कातरलेले. माथ्यावरची मांसाची गाठ पाहिली, ती तिघांची तुतीच्या फळासारखी सारखीच काळसर. उलटे धरिले, सुलटे धरिले, एकाने पंतांच्या अंगरख्यावर घाण केली, आणि दिवाणजी म्हणाले, "पंत, कळते ना?" पंतांच्या कपाळी घाम आला आणि ते बोलिले, "कळते तर. नर तो थोराड, मादी ती नाजूक. हे मोठे दिसते तो नर, उरल्या दोन माद्या." आणि बाळाकडे बोट केले.

हौसाई पुढे आली. "पंत, ते मोठं नाही हो, ते मी मोठं केलंय. माझ्या भाकरीवर वाढलंय. दुसऱ्यांना चारली असती तर ती वाढली असती. एक महिना थांबा, कळंल." दिवाणजी म्हणाले, "म्हणजे आज तुला कळत नाही." ती म्हणाली, "नाही कळत. तुम्हाला तरी कुठं कळतंय?" बहिरोपंतांनी मान खाली घातली. खरे त्यांसही ठाऊक होते, पण घरी सहा खाणारी तोंडे होती. आणि आम्ही? आमचे हाती लेखणी होती. दिवाणजी आम्हांकडे पाहोन बोलिले, "लिहा." आम्ही लिहिले, कोंबडा मुदपाकखान्यात गेला. गेला लिहिताना ते अद्याप हौसाईच्या पदरात होते, आणि शिपायाने घेतले तेव्हा त्याने ओरड केली नाही, कारण माणसाचा हात म्हणजे कुस्करा, इतकेच ते शिकले होते.

दोन घटकांनी आचारी ताट झाकोन सदरेवर आला आणि झाकण काढिले. ताटात अंड्यांची माळ होती, मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, आवळ्याएवढे, आणि शेवटचे पुरते अंडे, कवच मात्र मऊ, उद्या परवा घातले असते. महाराज उठोन आत गेले. बहिरोपंत पागोटे काढोन बैसले. आम्ही लेखणी उचलिली आणि दिवाणजी म्हणाले, "खोडू नका. दफ्तरी नर आहे, तो नरच."

दुसरे दिवशी पहाटे डालग्याखालून एक आरवला आणि त्यामागे दुसरा आरवला, दोन्ही दफ्तरी माद्या. कोंबडे झाकले म्हणोन तांबडे फुटायचे राहत नाही, हे लहान पोरास ठाऊक, सरकारास नाही. बाईसाहेब दचकोन उठल्या. दिवाणजींनी लिहविले की माद्या आरवल्या. अंडे घालणारी एकच होती आणि तिचा रस्सा जाहला होता. त्या जातीचा वंश या राज्यात तेथेच खुंटला.

आम्ही संध्याकाळी खुराड्याशी गेलो. हौसाई ताकातला कुस्करा हाती घेवोन बैसली होती, तो कोणास द्यावा हे तिला उमजत नव्हते. आम्ही पुसिले, "बाई, दफ्तरात नाही तर निदान माझ्या कागदात काय लिहू?" ती बोलली, "आता कळलं. आता लिहून काय उपेग?" आणि कुस्करा तसाच जमिनीवर ठेवोन उठोन गेली.

उपयोग नाही हे खरे. तरी दफ्तराबाहेरच्या या कागदात सारांश लिहोन ठेवितो, वाचणाराने आमचा कंटाळा करावा, बाळाचा करू नये. तीन आले. दोन राहिले. एक गेली.