पास झालेलं हेल्मेट

वस्तू पडली की फुटणार की वाचणार, हे मला विचारा. दुसरा कुणी अंदाज सांगेल, मी खात्रीने सांगेन, कारण मला पगार त्याचाच मिळतो. चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात मी पॅकिंग खात्याचा प्रमुख आहे. कपबश्या खोक्यात नीट भरायच्या, खोका उंचावरून खाली सोडायचा आणि उघडून बघायचं. आतलं सगळं शाबूत असेल तर पॅकिंग पास. इतकी वर्षं मी मुद्दाम वस्तू पाडत आलोय आणि लोक मला त्याबद्दल सर म्हणतात. घरी मात्र हातून चमचा निसटला तरी बायको म्हणते, लक्ष कुठंय तुमचं?

आता मी रागीट आहे असं लोक सांगत फिरतात. साफ खोटं! मी मुळात शांतच माणूस आहे. लोक मूर्खासारखे वागतात म्हणून आवाज चढतो, एवढंच. आणि या हेल्मेटच्या भानगडीत तर एकजात सगळेच तसे वागले, तेव्हा मला दोष देण्याआधी नीट ऐकून घ्या.

सुरुवात आईने केली. आई शाळेत बाई होती. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गल्लीतले मिशीवाले बाप्ये तिला बघून अजून सिगरेट पाठीमागे लपवतात. तिची एक जुनी मैत्रीण आहे, त्याच शाळेतली, मी तिला मावशी म्हणतो. मावशी कालव्यापलीकडे राहते. तिचे पाय गेलेत, अंथरुणातून उठणं होत नाही. आई रोज सकाळी सायकलवरून तिच्याकडे जाते, पेपर वाचून दाखवते, मग दोघी मिळून सगळ्या जगाला नावं ठेवतात आणि आई ताजीतवानी होऊन परत येते. तिकडे बस जात नाही. चालत जायचं म्हटलं तर आईचे गुडघे ऐकत नाहीत, सायकलवर मात्र कुरकुर करत नाहीत. म्हणजे सायकल बंद झाली की मावशी बंद. हे मला पक्कं माहीत होतं.

तर एका सकाळी आई परत आली ती कोपर सोलवटून घेऊन. कानाच्या वरही चांगलंच खरचटलं होतं. विचारलं तर म्हणाली, वळणावर कुत्रं आडवं आलं. बायको कापूस घेऊन धावली. माझं मात्र डोकंच फिरलं. पडणाऱ्या वस्तूचं काय होतं ते मी रोज बघतो, आणि इथे माझी आई पडली होती. पण माणूस घाबरलाय हे त्याला स्वतःला कधी कळत नाही, तो आपला ओरडत सुटतो. मी ओरडलो की कुत्र्याला कशाला नावं ठेवतेस, तुला वेळेवर ब्रेक लावता येत नाही. आणि खुंटीवरची तिच्या सायकलची किल्ली काढून खिशात टाकली.

"आजपासून या घरात डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय कुणी सायकलला हात लावायचा नाही."

"कुणीच नाही?" बायकोने कापूस बुडवता बुडवता विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणालो, माझ्या सायकलवर टांग मारली आणि बोडक्या डोक्याने कामावर निघून गेलो. माझी गोष्ट वेगळी. मला पडण्यातलं कळतं.

जेवताना आईने वाद काढला. ती चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू जाते, हेल्मेट काय ते शर्यतवाल्यांनी घालावं. आणि हेल्मेट घातलं म्हणून कुत्रं आडवं यायचं थांबतं का? मी म्हटलं, नाही थांबत. कोपरही वाचत नाही. पण खोक्यात थर्माकोल घातला म्हणून खोका पडायचा थांबतो का? पडतोच. फक्त थर्माकोल आधी स्वतः चेपतो, जमिनीचा धक्का पिऊन टाकतो, आणि आतला कप वाचतो. हेल्मेटचंही तेच. वरचं कडक कवच मार सगळीकडे पसरवतं, आतला थर चिरडतो, आणि डोक्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला. धक्का कमी झाला की आतला माल शाबूत.

"म्हणजे माझ्या डोक्यात कपबश्या आहेत म्हण की," आई म्हणाली आणि ताट घेऊन उठली. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. मीठ हवं असलं तरी बायकोला सांगायची, याला सांग मीठ सरकव.

मी हेल्मेट आणायला गेलो. आमच्या भागात सायकलचं दुकान एकच, आणि दुकानदार असा की गिऱ्हाईक आलं की त्याच्या झोपेत बिघाड होतो. त्याने एक पांढरं हेल्मेट काढलं, त्यावर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, एकदम दणकट माल आहे साहेब, कितीही वेळा पडा. झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कितीही वेळा? पॅकिंग खात्याच्या प्रमुखाला हा सांगतो कितीही वेळा? मी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याची शाळा घेतली. "हे फक्त एकदाच उपयोगी पडतं! एकदा जोरात आदळलं, आतला थर चेपला, की ते संपलं. मग वरून कितीही नवंकोरं दिसो, टाकून द्यायचं. कळलं?" तो बिचारा मान डोलावत होता. एका बाईंनी तर मला विचारलंही, तुम्ही डॉक्टर का? मी छाती काढून हेल्मेट घेतलं आणि निघालो.

वाटेत मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाला स्वतःच्या मालातलं इतकं कमी कळतं, त्याच्या मालाचा भरवसा काय? उद्या आई पडली आणि आत भुसा निघाला तर? आमच्या कारखान्यातून तपासल्याशिवाय साधी बशी बाहेर जात नाही आणि मी आईचं डोकं असंच सोडणार होतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते हेल्मेट कारखान्यात नेलं. डोक्याच्या मापाचं काहीतरी हवं होतं. फडताळात झाकणाची एक गोल बरणी होती. तिच्यात वाळू भरली, हेल्मेट तिच्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि सगळं आमच्या पाडायच्या चौकटीवर चढवून दिलं सोडून. धाड! उचलून बघतो तर बरणीला चराही नाही. खात्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता शहाणा माणूस इथे थांबला असता. पण टाळ्या ऐकून मॅनेजर आले, त्यांनी विचारलं काय चाललंय, आणि मी म्हटलं, साहेब, बघाच. पुन्हा दिलं सोडून.

बरणीच्या ठिकऱ्या झाल्या. वाळू मॅनेजरांच्या बुटात गेली. वरून कळलं ते असं, की ती बरणी नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला मुद्दाम बनवून घेतली होती आणि तशी दुसरी नव्हती. मॅनेजर मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ऐकून घेतलं, कारण माझा सगळा राग दुकानदारासाठी राखून ठेवला होता.

संध्याकाळी मी ते हेल्मेट त्याच्यासमोर आपटलं. म्हटलं, हा कसला माल? दुसऱ्याच खेपेला मान टाकली! दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले.

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना, एकदाच उपयोगी पडतं म्हणून?"

दुकानात तेव्हा गर्दी होती. त्या कालच्या बाईही होत्या. राग आला की माणसाचं ज्ञान बाहेर पायरीवर जाऊन बसतं, त्यातली गत झाली होती. मी मुकाट्याने दुसरं हेल्मेट विकत घेतलं.

घरी आलो तर फोन वाजत होता. मावशी होती. मला वाटलं आईला बोलवायला सांगेल, पण तिला मीच हवा होतो.

"माझे पाय देवाने नेले, त्याच्याशी भांडता येत नाही," ती म्हणाली. "तिचे मात्र तू काढून घेतलेस."

आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर ठेवला आणि आत डोकावलो. आतल्या खोलीत आई खिडकीशी बसली होती, मांडीवर न उघडलेला पेपर. तिने तो घरी वाचलाच नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू, आणि मला वाईट वाटलं की मी लगेच चिडतो. मी ठरवलं, उद्या हिच्या डोक्यावर खात्रीचं हेल्मेट ठेवीन आणि हातात किल्ली देईन, मग बोला म्हणावं.

खात्रीचं म्हणजे तपासलेलंच. या खेपेला मात्र मी शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी साधी रोजच्या विक्रीतली बरणी घेतली, हेल्मेट चढवलं आणि एकदाच टाकलं. बरणी शाबूत! पुन्हा टाकायचा मोह झाला तो आवरला. एकदाच उपयोगी पडतं हे मला आता पाठ झालं होतं. मी खूश होऊन हेल्मेटवर आमच्या खात्याची हिरवी चिकटपट्टी लावली, "पास" लिहिलेली, आणि घरी येऊन दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

आईने ते घेतलं. चष्मा लावला. उलटं करून आत अंगठा दाबला. थर एका जागी बसला होता आणि केसाएवढी चीर आरपार गेली होती. मुलांच्या वह्या तपासायची तिची जुनी पद्धत, चूक सापडली की आधी आपल्याकडे नुसतं बघायचं. तसं तिने बघितलं. मग कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी थेट बोलली.

"तुझ्या कारखान्यात जो खोका आपटून बघता, तोच पुढे गिऱ्हाइकाला पाठवता का रे?"

स्वयंपाकघरात बायकोच्या हातून चमचा पडला. कुणी तिला लक्ष कुठंय म्हणून विचारलं नाही.

पुढच्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभा. दुकानदाराने मला पाहिलं आणि न विचारता तिसरं हेल्मेट काढून ठेवलं. मी त्याला बजावलं की याला धक्का लागता कामा नये. हेल्मेट खोक्यात, खोक्यात चारी बाजूंनी कागदाचे बोळे, वर दोरी, आणि ते सगळं कॅरिअरला आवळून. त्याला बांधता येत नव्हतं म्हणून मीच बांधलं. घरी आई साडी नेसून, पेपर घेऊन तयार बसली असणार, म्हणून मी सायकल दामटली.

वळणावर कुत्रं आडवं आलं.

तेच असणार. पिवळट रंगाचं, निर्लज्ज. मी ब्रेक दाबला, अगदी वेळेवर दाबला, हे मी शपथेवर सांगतो. सायकल थांबली, मी थांबलो नाही. पदपथाच्या कडेला कपाळ आदळलं आणि दिवसाढवळ्या काजवे चमकले. खोका कॅरिअरवर जागच्या जागी होता. लोकांनी मला उठवलं तर मी पहिल्यांदा दोरी चाचपली. पॅकिंग पास झालं होतं.

सायकल ढकलत घरी पोचलो तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला खुर्चीत बसवलं, माझी हनुवटी धरली, डोळ्यांत निरखून बघितलं आणि म्हणाली, "सत्तावीसचा पाढा म्हण."

मी सत्तावीस दुणे चोपन्न म्हणालो आणि अडलो.

"हा पूर्वीही इथेच अडायचा," ती बायकोला म्हणाली. "डोकं होतं तसंच आहे." पण माझी हनुवटी तिने लगेच सोडली नाही. आणि मीही ती सोडवून घेतली नाही.

बायकोने बर्फ आणला. आईने खोका उघडला, कागदाचे बोळे बाजूला केले, हेल्मेट आतून बाहेरून दाबून पाहिलं आणि आरशापुढे घातलं. पट्टा लावून त्यात बोट घालून बघितलं, फार सैल नाही ना. मग माझ्या खिशातून स्वतःची किल्ली काढली. टेबलावरून माझीही उचलली.

"आई, ती माझी आहे."

"कुणीच नाही म्हणाला होतास ना?" ती म्हणाली. दोन्ही किल्ल्या तिने पर्समध्ये टाकल्या, पेपर काखेत मारला आणि पायऱ्या उतरली. खाली सायकलची घंटी वाजली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

मी कपाळाला बर्फ लावून थोडा वेळ बसलो. मग उठलो आणि दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, टेंगळाकडे बघितलं, आणि हसला नाही, याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन. त्याने चौथं हेल्मेट काढलं, माझ्या मापाचं.

"साहेब, खोक्यात देऊ की डोक्यावर?"

डोक्यावर, मी म्हणालो. टेंगूळ सांभाळून पट्टा त्यानेच लावून दिला. आणि भर सकाळी, सगळ्या गल्लीदेखत, मी हेल्मेट घालून पायी घरी आलो, कारण सायकलची किल्ली आईजवळ होती आणि आई मावशीजवळ.