आधी थप्पी, मग हुकूम

आमचे शेजारी चाफलेभाऊ टपरीवर चहा मागतात, पण 'चहा' हा शब्द त्यांच्या तोंडून येतच नाही. "दूध. पत्ती. अद्रक. दोन मानसं," एवढं म्हणून ते थांबतात, टपरीवाल्या सुधाकरकडे नीट बघतात आणि मग बोट उचलून म्हणतात, "उकळ." सुधाकरला आता सवय झाली आहे. नवं गिऱ्हाईक असेल तर ते मात्र पेला तोंडाशी धरून आमच्याकडे बघतच राहतं.

याचं कारण विचाराल तर भाऊ तुम्हाला घरी नेऊन तासभर बसवतील, म्हणून मीच सांगतो. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात माझं कापडाचं दुकान आहे आणि त्याच गल्लीच्या टोकाला भाऊंचं घर. उभा जन्म त्यांनी जिनिंगमध्ये काढला, कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर घेण्यात. बायको गेल्यावर घरात ते एकटेच उरले. मुलगी मनू कॅनडात कॉम्प्युटरचं काम करते. मागे ती सुट्टीत आली आणि जाताना आपला जुना लॅपटॉप बापाला देऊन गेली. त्यात एमॅक्स नावाचा एक एडिटर, म्हणजे लिहिण्याचं साधन, आणि त्या एडिटरच्या पोटात एक मोठा थोरला कॅल्क्युलेटर. लिहायच्या जागेत हिशेबाचं यंत्र कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. भाऊंना मात्र ते बघताक्षणी पटलं.

"आपल्या साध्या कॅल्क्युलेटरचं काय, दोन दाबा, अधिक दाबा, तीन दाबा," ते मला समजावत होते. "हे तसं नाई. आधी दोन ठेवा. मंग तीन ठेवा. थप्पी लागली की हुकूम द्या, मिळव! जिनिंगमध्ये आपन काय करत होतो? आधी पोते लावत होतो का आधी ओरडत होतो?"

"आधी ओरडतच होते तुम्ही. इथवर ऐकू येत होतं," मी म्हणालो. त्यांनी लक्ष दिलं नाही.

तेव्हापासून "आधी थप्पी, मग हुकूम" हा त्यांचा मंत्र झाला. यंत्राबद्दल तक्रार एकच. नवा आकडा थप्पीच्या वर दिसायच्या ऐवजी खाली दिसतो. "नवीन पोतं खालून घालून राह्यले हे लोक," ते हळहळायचे. "हमाल पळून जाईन की वो!"

मलाही त्यांनी शिकायला बसवलं. यंत्र सुरू करायला कंट्रोलचं बटण धरायचं, एक्स दाबायचं, सोडायचं, मग चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या खुणेचं बटण, मग सी. गणिताचं आणि माझं शाळेपासून वाकडं. मी घाबरून सरळ अधिकचं बटण दाबलं. यंत्रानं टुण्ण केलं आणि खाली इंग्रजीत काहीतरी खरडलं. "रिकाम्या थप्पीले हुकूम देऊन राह्यले तुम्ही," भाऊ म्हणाले, आणि इतक्या करुणेनं म्हणाले की मला त्या यंत्राची माफी मागावीशी वाटली.

माझ्यानंतर गल्लीतलं कोणी सुटलं नाही. त्या यंत्राला आपली स्वतःची मापंही शिकवता येतात. भाऊंनी त्याला पायली आणि कुडो ही धान्याची जुनी मापं शिकवून ठेवली. किराणावाल्या शांताबाईंनी एकदा सहज विचारलं, चार पायल्या तुरीची डाळ मावायला किती लिटरचा डबा लागेल? भाऊ बसले. त्या बिचाऱ्या डबा विकत आणून, डाळ भरून, झाकण लावून परत आल्या तेव्हा भाऊ म्हणाले, "आता फक्त हुकूम द्यायचा राह्यला."

मग एक दिवस त्यांनी हाक हे माप काढलं. गल्लीत उभे राहून ते "मधुभाऊऽऽ" म्हणून ओरडले. मी दुकानातून "ओऽ" दिली. ते मागे सरकले, पुन्हा ओरडले. गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवता दाखवता मी ओ देत होतो. माझी ओ त्यांना ऐकू येईना झाली तिथं त्यांनी खडूनं रेघ मारली आणि टेपनं अंतर मोजून यंत्रात घातलं. ती झाली एक हाक. मग सेलू किती हाका, वर्धा किती हाका, हे ते जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगू लागले. गिऱ्हाईक बाई लुगडं न घेताच गेल्या होत्या.

रविवारी सकाळी मात्र भाऊंचं दार बंद. इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप उघडून, मोबाईल तांब्याला टेकवून ते बसायचे. "मनूचा फोन असते. नंतर येजा," एवढंच सांगायचे.

अशातच एका दुपारी मनूचा फोन माझ्या दुकानात आला. आवाज रडवेला होता.

"काका, बाबांना विसर पडतोय का हो? दर रविवारी मी त्यांना कॅल्क्युलेटर सुरू कसा करायचा ते शिकवते. पुढच्या रविवारी त्यांना पहिलं बटणसुद्धा आठवत नाही. किती महिने झाले, आम्ही पहिल्याच धड्यावर आहोत. त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही. नागपूरला एका वृद्धाश्रमात मी चौकशी केली आहे."

ज्या माणसानं गल्लीला त्या यंत्रापायी पळवून लावलं, त्याला म्हणे सुरुवात येत नाही! दुकान तसंच टाकून मी भाऊंकडे गेलो.

"काऊन वो भाऊ, पोरीले काऊन फसवून राह्यले? ती तुमाले वृद्धाश्रमात टाकाले निघाली!"

भाऊंनी आधी मला बसायला पाट दिला.

"पयल्यांदा खरंच इसरलो होतो गा," ते म्हणाले. "तिनं पुन्हा शिकवलं. अर्धा तास बोलली, हासली, रागावली. त्याच्या आधी काय होतं? बाबा जेवले का, गोळी घेतली का, ठेवते. मले येते म्हनून सांगितलं तं पुन्हा तेच. जेवले का, ठेवते."

पण मनूला खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. नाहीतर घर सुटलं असतं.

त्या रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मनू दिसताच म्हणाले, "मनू, आज तू पाय." कंट्रोल, एक्स, चांदणी, सी. बोटं सरसर चालली. सिंदीपासून तिच्या गावापर्यंतचे किलोमीटर ठेवले, हुकूम दिला, आणि उत्तरात हाका आल्या. लांबलचक आकडा होता.

"इतक्या हाका होतेत," भाऊ म्हणाले.

"हाक म्हणजे काय बाबा?"

"मी हाक मारली अन् मधुभाऊची ओ ऐकू आली, तेवढं अंतर." मग खाली बघत म्हणाले, "मी काई इसरलो नव्हतो बाई. तू बोलत राह्यची, म्हनून."

ओढणी तोंडाशी धरून मनू पडद्यावरून बाजूला झाली आणि फोन बंद झाला. भाऊंनी लॅपटॉप मिटला. "चला, पास झालो," म्हणाले. तो आठवडाभर टपरीवर ते सरळ "दोन चहा" म्हणत होते. सुधाकर मला दोनदा विचारून गेला, भाऊंची तब्येत बरी आहे ना.

पुढच्या रविवारी त्यांनीच मला बोलावलं. "बसा. आज लवकरच होईन." शर्टाला इस्त्री नव्हती. लॅपटॉप फळीवर होता.

फोन वाजला. बाबा जेवले का. जेवलो. गोळी घेतली का. घेतली.

"ठेव मंग," भाऊ म्हणाले. "तिकडे रात झाली असन."

"बाबा, थांबा न." एरवी शहरी बोलणारी मनू एकदम घरच्यासारखं बोलू लागली. तिच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. "मी ते कॅल्क्युलेटर घेऊन बसली वो. मले सुरुवातच आठवून नाई राह्यली. कसं करतेत?"

दिवसभर तेच काम करणारी पोर ती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि मोबाईल तांब्याला नीट टेकवला.

"काई घाई नाई बाई," ते म्हणाले. "कंट्रोल धर. धरला? धरूनच ठेव. आता सांग, तिकडे थंडी किती हाये?"